करडाचा कोथळा जागा झाला तेव्हा

बैल आजारी पडला की मालक स्वतः धावत यायचा. घोडा आजारी पडला की कचेरीतला शिपाई यायचा आणि आम्हालाच धावायला लावायचा. शेळी आजारी पडली की मात्र कुणीच यायचं नाही, कारण तिच्याकडं आमच्याआधी सुरीवाला पोचलेला असायचा. आजारी शेळी बरी करण्यापेक्षा ती मरायच्या आत कापून वाटे घालणं लोकांना सोयीचं वाटे. त्यामुळं बीडच्या जनावरांच्या दवाखान्यात उभा जन्म काढूनही मी शेळ्या फार बऱ्या केल्या, असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण एक करडू मात्र मी विसरलेलो नाही. माझ्या बायकोचं म्हणणं असं की मला आमच्या मुलांचे पहिले दात कधी आले ते आठवत नाही आणि त्या करडाच्या लेंड्या आठवतात. तिचं म्हणणं खरं आहे.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमच्या दवाखान्याचं सरकारी कागदावरचं नाव मोठं भारदस्त होतं, शफाखाना-ए-हैवानात. गावातले लोक त्याला घोड्याचा दवाखाना म्हणत आणि आत काम करणाऱ्या सगळ्यांना, अगदी झाडू मारणाऱ्यालासुद्धा, सलोतरी म्हणजे जनावरांचा डॉक्टर म्हणत. खरे सलोतरी एकच, आमचे साहेब. ते मूळचे हैदराबादचे, सदा तोंडात पान, बोलणं दख्खनी आणि आवाज इतका मऊ की मारक्या म्हशीलाही वाटावं, आपलं कुणीतरी आलं. मी त्यांचा कंपाउंडर. औषधं खलायची, पट्ट्या बांधायच्या, जनावर पाडायचं, त्याचं तोंड धरायचं आणि लाथ खायची वेळ आली तर साहेबांच्या आधी आपण खायची, असं एकंदर माझ्या कामाचं स्वरूप होतं.

शेळीचं पोट म्हणजे काय चीज आहे हे मला साहेबांनीच दाखवलं. एका बड्या घरी लग्नासाठी ज्वारीची रास घातलेली, तिच्यावर त्यांचा पोसलेला बोकड रात्रभर सुटला. सकाळी आम्ही पोचेपर्यंत तो आटोपला होता. साहेबांनी मालकाची परवानगी घेतली, बाह्या सारल्या आणि मला जवळ बसवून बोकड उघडला. म्हणाले, "देखो मियाँ, इसके पेट में एक कोठडी नै, चार हैं."

ती चार दालनं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. डाव्या कुशीला सगळ्यात मोठी पिशवी, तो कोथळा. शेळी पाला खाते तेव्हा तो ती धड चावत नाही; ओरबाडते आणि गिळते, आणि तो सगळा कोथळ्यात जाऊन पडतो. तिथं तो भिजतो, मुरतो, घुसळला जातो. त्याच्या पुढं मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं असलेली लहान पिशवी. शेळी सावलीला निवांत बसली की या दोन पिशव्यांतून मुरलेल्या पाल्याचा घास पुन्हा तोंडात येतो. मग ती तो सावकाश, डोळे अर्धे मिटून चावते. हाच रवंथ. नीट बारीक झालेला घास खाली गेला की मग तिसऱ्या पिशवीत, जिच्यात पोथीची पानं असावीत तशी पापुद्र्यांची पानं असतात. तिथं त्याचं पाणी पिळून निघतं. आणि चौथी पिशवी म्हणजे तुमच्याआमच्या पोटासारखं पोट. पुढं आतडी, आणि शेवटी लेंडी. सकाळी खाल्लेला पाला बाहेर पडायला दोन-एक दिवस सहज लागतात.

त्या बोकडाच्या कोथळ्यात नुसती ज्वारी होती, फुगलेली आणि आंबून फसफसलेली. कोथळ्याला पाल्याची सवय. त्याच्यावर एकाएकी दाणा येऊन कोसळला की आतला सगळा कारभार आंबट होतो. मालक म्हणाला, "लई लाडाचा व्हता हो."

गमतीची गिऱ्हाइकंही येत. सिरसाळ्याच्या बाजारात एका अडत्यानं आम्हाला हाताला धरून नेलं. त्याच्या शेळीनं त्याचा जरीचा फेटा निम्मा गिळला होता आणि उरलेला निम्मा तोंडाबाहेर लोंबत होता. आम्ही शेळीची नाडी पाहू लागलो तर हा म्हणतो, "शेळीचं राहू द्या हो, फेटा काढा आधी. मला आज लग्नाला जायचंय." साहेबांनी हळूहळू, अगदी देवाचं सोवळं सोडवावं तसा तो फेटा बाहेर काढला. त्या माणसानं तो झटकला, ओढ्यावर धुतला आणि बांधून लग्नाला गेला. शेळीकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही. असे लोक पाहून मला वाटायला लागलं होतं की या जनावराचं आतून-बाहेरून कुणालाच काही पडलेलं नाही.

मग गयाबाई भेटली.

त्या साली पावसानं दगा दिला होता. वर बुळकांडीची साथ. बुळकांडी म्हणजे गुरांची महामारीच म्हणा. तोंड सडतं, जुलाब लागतात आणि गोठेच्या गोठे रिकामे होतात. साहेब आणि मी गुरांना लस टोचायला लिंबागणेशला मुक्काम ठोकून होतो. गावात गुरं तरी किती उरली होती? ज्यांना जमलं त्यांनी ती चाऱ्यासाठी गंगथडीला, गोदावरीच्या काठाला हाकून नेली होती. मागं राहिलेल्या गाई-म्हशी आटल्या होत्या. हिंडत होत्या त्या फक्त शेळ्या. बाभळीचा काटा आणि बोरीचं वाळकं पान खाऊन दूध देणारं दुसरं जनावर देवानं घडवलेलं नाही.

एका सकाळी चावडीपुढं एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. डोक्यावर टोपली, काखेत तान्हं पोर. पोर इतकं बारीक की आधी मला ते कापडाचं बोचकंच वाटलं. साहेबांनी पोराकडं पाहिलं आणि गडबडून म्हणाले, "माँ, ये जानवरों का दवाखाना है."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मी पोराला दावायला न्हाई आले. करडाला आणलंय." तिनं टोपली खाली ठेवली. आत एक काळंपांढरं करडू पाय ताठ करून पडलेलं. "पर हे करडू गेलं तर ह्यो बी जाईल, म्हून दोघांना घिऊन आले."

हीच गयाबाई. डोंगराच्या अंगाला दोन-चार घरांची वस्ती होती, तिथली. तिची सून बाळंतपणानंतर तापानं गेली. शेजारच्या एका बाईनं आपल्या मुलाबरोबर या पोरालाही काही दिवस पाजलं. पण तिच्या घरची माणसं गुरं घेऊन गंगथडीला निघाली, तिलाही जावं लागलं. मग उरली ती घरची कबरी नावाची शेळी. पहिलटकरीण. दूध जेमतेम दोन वाट्या, आणि तोंडं दोन, एक नातवाचं आणि एक कबरीच्या करडाचं.

"करडू शेळीपासनं तोडलं व्हतं," गयाबाई म्हणाली. "तर कबरीनं पान्हाच चोरला. थेंब न्हाई दिला. करडू फुडं बांधलं की देतीया. आता करडू मेलं तर ती काय देती मला?"

साहेब उकिडवे बसले. करडाची डावी कूस टमटमीत फुगलेली. त्यांनी त्याचं तोंड उघडून वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. आंबूस वास, त्या मेलेल्या बोकडाच्या कोथळ्यासारखाच.

"क्या पिलाए इसको?"

"आंबील." गयाबाईचा आवाज खाली गेला. "ज्वारीची, पातळ करून. बैलाला त्याल पाजायची बांबूची नळी हाय, तिच्यानं पाजली. करडानं आंबिलीवर निभावलं तर दूध लेकराला उरंल, असं वाटलं. घरातल्या आंबिलीतलीच मपल्या वाटची दिली हो."

हे ऐकताना मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आमच्याकडं घरोघरी असंच करतात. माणूस आजारी पडला की आंबील, करडू पोरकं झालं की आंबील, आणि तीही मान वर करून, नळीनं, म्हणजे सांडायला नको. मायेनं केलेली गोष्ट होती आणि मायेनंच करडू मरायला टेकलं होतं.

साहेबांनी तिला एक शब्द लावला नाही. म्हणाले, "माँ, तुम गलत नै करे. बस, रस्ता गलत हो गया." आणि मला म्हणाले, हिला समजेल असं सांग.

मी सांगितलं ते असं. करडाला जन्मतः चारही पोटं असतात, पण कोथळा झोपलेला असतो, चिंधीएवढा. तान्ह्या करडाचं खरं पोट चौथंच. ते आचळ तोंडात धरून चोखायला लागलं की आत एक पन्हळ आपोआप मिटते आणि दूध कोथळ्याला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं. पण ही पन्हळ चोखण्यानंच मिटते. मान वर करून नळीनं ओतलं की ती उघडी राहते आणि ओतलेलं सगळं त्या झोपलेल्या कोथळ्यात पडतं. तिथं त्याचं पचन होत नाही, ते नुसतं आंबतं. मोठ्या शेळीचा कोथळा चुलीसारखा पेटलेला असतो. याचा अजून पेटलेलाच नाही.

गयाबाईनं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "मंग पेटवायचा कसा?"

पुढं नोकरीत खूप शिकलेली माणसं भेटली, पण याच्याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही.

आधी करडू वाचवायचं होतं. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून तो मात्र नळीनंच दिला, कारण औषध कोथळ्यातच जायला हवं होतं. एकच नळी, दुधाला वैरीण आणि सोड्याला मैत्रीण. मी त्याचे पुढचे पाय उचलून धरले आणि साहेब डावी कूस खालून वर चोळत राहिले. बऱ्याच वेळानं करडानं एवढा मोठा ढेकर दिला की चावडीत बसलेल्या पाटलांनी नाकाला उपरणं लावलं. दुसरा ढेकर आला, तिसरा आला, कूस थोडी बसली. गयाबाईनं हात जोडले. साहेब म्हणाले, अभी नको माँ, अभी बहोत बाकी है.

बाकी होतं ते खरंच अवघड होतं. करडाला पाल्यावर आणायचं, पण कोथळा जागा होईपर्यंत त्याला त्याच्या वाट्याचं दूध आचळानंच पिऊ द्यायचं. म्हणजे तेवढे दिवस नातवाच्या वाट्याचं कमी करायचं. हे सांगायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं आणि मी ते वस्तीवर जाऊन सांगितलं. तिथं गयाबाईचा मुलगा होता, दगडू. पोराचा बाप. पंचविशीचा, दाढी वाढलेली. झोपडीच्या दाराशी दोरी वळत बसलेला. मी आत-बाहेर केलं, बोललो, पण तो मान वर करेना. पोर त्याच्यामागं हातभर अंतरावर पडून रडत होतं, तरी त्यानं हात लावला नाही. बायको गेल्यापासून तो पोराकडं पाहतच नाही, असं गयाबाईनं मला हळूच सांगितलं.

पण दूध कमी करायचं म्हटल्यावर तो उठला.

"कावून? मपल्या लेकराचं दूध करडाच्या तोंडात कावून?"

"करडू जगलं तर शेळी दूध देईल," मी म्हणालो.

"आन तवर लेकरू गेलं तर?" तो माझ्या अगदी जवळ आला. "करडू मरू द्या. कातड्यात भुसा भरून शेळीम्होरं ठिवताव. म्हशीला फसवत्यात तसं."

"म्हैस फसते. ही पहिलटकरीण आहे, वासावर जाते. फसली नाही तर?"

पोराचं तोंड पाहून मलाही आतून भीती वाटत होती. मी खात्री दिली नाही. खोटी खात्री देणारे लोक मला कधी आवडले नाहीत. शेवटी गयाबाई म्हणाली, "दगड्या, सर बाजूला. चार दिस दोघं बी अर्ध्या पोटानं राहतील. अर्ध्या पोटानं कोणी मरत न्हाई. रिकाम्या पोटानं मरतंय." आणि करडू उचलून कबरीच्या आचळाला लावलं. दगडू दोरी तिथंच टाकून डोंगराकडं निघून गेला.

त्यानंतर मी रोज टोचणीचं काम संपलं की हात फिनेलनं धुवायचो आणि वस्तीवर जायचो. साहेबांनी कधी विचारलं नाही कुठं चाललास म्हणून. उलट त्यांच्या डब्यातला गूळ माझ्या खिशात टाकायचे, माँ को देना म्हणून.

कोथळा पेटवायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे कोरडा पाला. करडू आधी तो खात नाही, नुसता हुंगतं, ओठांत धरून सोडून देतं. पण त्यातलं एखादं पान आत जातं आणि कोथळ्याला आतून खरखर लागते, तसतसा तो वाढतो, आवळायला-सैल व्हायला शिकतो. म्हणून आम्ही बोरीचे आणि शेवरीचे वाळके शेंडे सुतळीनं बांधून करडाच्या तोंडाच्या उंचीवर टांगले. जमिनीवर टाकलेलं खाणं करडू तुडवतं. टांगलेलं मात्र त्याला चोरून खाल्ल्यासारखं वाटतं, म्हणून खातं. आणि शेळीच्या जातीला चोरून खाण्याची आवड उपजत असते.

दुसरी गोष्ट म्हणजे विरजण. दुधाला दह्याचं विरजण लागतं तसं कोथळ्यालाही लागतं, आणि ते मोठ्या शेळीच्या तोंडात असतं. ही युक्ती मी धनगरांकडून उचलली होती आणि साहेबांनी ती ऐकून "बिलकुल सही" म्हणून शिक्का मारला होता. शेळी रवंथ करायला बसली की तिच्या जबड्यात घास फिरत असतो. अचानक तिचं तोंड धरायचं, गालात बोटं घालायची आणि तो घास काढून गरम गरम करडाच्या जिभेवर ठेवायचा.

सांगायला सोपं आहे. कबरी बसली की मी मांजरासारखा सरकत जायचो. बोटं गालात गेली की ती माझ्याकडं अशा नजरेनं पाहायची की मलाच लाज वाटावी. तिच्या दाढा मागं असतात आणि त्या फार धारदार असतात, हे माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजून सांगतील. एकदा मी घास काढला आणि ती उठली तर मी मातीत पालथा. गयाबाई खदाखदा हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिलं मी तिला. म्हणाली, "सलोतरी, तिच्या तोंडचा घास चोरताव तुमी, मंग ती तुमास्नी पेढा देईल व्हय?"

करडानं पहिला घास थुंकला. दुसरा थोडा गिळला. पुढचे गिळले.

आता कळणार कसं की कोथळा जागा होतोय? त्याला कान लावून ऐकायचं. मोठ्या शेळीच्या डाव्या कुशीला कान लावलात तर आत लांबून ढग गडगडल्यासारखा आवाज येतो, थोडा थांबतो, पुन्हा येतो. तो कोथळा घुसळत असतो. मी गयाबाईला आधी कबरीच्या कुशीला कान लावायला लावला. ती दचकून मागं झाली. "आगं बाय! हिच्या पोटात जातं हाय की!" मग करडाच्या कुशीला कान लावला. काहीच नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही. पोर दिवसेंदिवस हडकत होतं. त्याचं रडणंही बारीक झालं होतं, आणि बारीक रडणं मोठ्या रडण्यापेक्षा वाईट असतं. मी परत चावडीवर जाताना मनाशी शब्द जुळवत असे, उद्या हे पोर नसलं तर दगडूला काय सांगायचं याचे.

एका दुपारी मी गेलो तर गयाबाई करडाच्या कुशीला कान लावून जमिनीवर आडवी झालेली. तिनं मला हात केला, बोलू नका. मी उभाच राहिलो. मग ती न उठताच हळू म्हणाली, "फिरलं. जातं फिरलं."

मी कान लावला. खरंच. अगदी लहान, लांबचा, पण होता.

दगडू दारातून पाहत होता. गयाबाईनं त्याला हाक मारली. तो आला, कुरकुरतच वाकला, कान लावला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होत गेलं. मग त्यानं जे केलं त्याची मला कल्पना नव्हती. तो उठला, पोराजवळ गेला आणि त्याच्या पोटाला कान लावला. पोरानं त्याच्या दाढीत हात घातला आणि केस घट्ट पकडले. सुटका करून घेण्याची घाई दगडूनं केली नाही. मी पाठ फिरवून कबरीच्या खुराकडं पाहू लागलो, कारण कंपाउंडरानं गिऱ्हाइकापुढं रडू नये असा माझा आपला एक नियम होता.

पुढच्या गोष्टी मग एकामागून एक आल्या. करडाला पिवळट चिकट शेण येत होतं ते बंद झालं. गयाबाई एकदा थेट लिंबागणेशच्या चावडीवर आली आणि साहेबांपुढं पदराची गाठ सोडली. आत काळ्या, गोल, कोरड्या लेंड्या. "बगा साहेब, मण्यावाणी हायत!" साहेबांनी एक लेंडी उचलून बोटांत चुरली, आतला बारीक पाला पाहिला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पूरा रस्ता साफ." सरकारी नोकरीत मला पुढं बढतीसुद्धा मिळाली, पण एवढा आनंद कशानं झाला नाही.

टोचणी संपली. आम्हाला दुसऱ्या दिवशी बीडला निघायचं होतं, म्हणून मी सकाळीच वस्तीवर निरोप घ्यायला गेलो. अंगणात बाभळीखाली करडू बसलेलं. मी जवळ गेलो तरी उठलं नाही. त्याचा जबडा फिरत होता. एका बाजूला, सावकाश, डोळे अर्धे मिटून. मानेतून एक घास खाली गेला, क्षणभर थांबलं, आणि दुसरा वर आला. स्वतःचा घास, कुणी दिलेला नाही. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि पाहत राहिलो.

"आता समदं दूध लेकराला," गयाबाई मागून म्हणाली. तिनं करडाला कबरीपुढं नुसतं उभं केलं, दोन चोख घेऊ दिले, कबरीनं पान्हा सोडला, आणि मग करडू स्वतःच टांगलेल्या शेवरीकडं वळलं. गयाबाईनं अखेरच्या धारेपर्यंत दूध काढलं. तापवून, कोमट करून बोंडल्यात भरलं आणि दगडूच्या हातात दिलं. म्हणाली, तू पाज आज, मला कबरीला पाला आणायचाय.

दगडू पोर मांडीवर घेऊन आत बसला. पोराला बोंडल्यानं पाजायची त्याची ती पहिलीच वेळ. मी बाहेर गयाबाईला सांगत होतो की पावसाळ्यात कोवळ्या हिरव्यावर एकदम सोडू नको, दाणा देशील तर मूठभरच. तेवढ्यात आतून दगडूची हाक आली. अशी हाक, की माझे पाय आपोआप आत वळले.

"सलोतरी! लेकरू प्यायना. तोंड फिरवतंय." त्यानं बोंडलं माझ्यापुढं धरलं. "बगा ना, तोंड फिरवतंय. ह्याच्या आईनं बी अखेरीला आसंच तोंड फिरवलं व्हतं."

मी वाकलो. पोराचे ओठ दुधानं ओले होते. मान एका बाजूला वळलेली, डोळे मिटत चाललेले, मुठी सुटलेल्या. श्वास सरळ. बोंडल्यात तळाशी थोडं दूध होतं.

मागून गयाबाई आली. हातातला पाला तिनं तसाच खाली टाकला, पोराच्या पोटावर तळहात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"आरं येड्या," ती म्हणाली. "पोट भरलंय त्याचं."

दगडूनं तिच्याकडं पाहिलं, मग पोराकडं. पोर झोपलं होतं. मग तो बोंडल्यातल्या दुधाकडं पाहू लागला. उरलेल्या दुधाचं काय करायचं असतं, हे त्या घरात कुणालाच आठवेना.